रस्ता किती घेतो ते मोजले. किती तोडतो ते कोण मोजणार?



रस्ता रुंद होणार अशी कुणकुण लागली, की आपल्याकडे चावडीवर, दूध डेअरीवर एकच प्रश्न फिरतो. "तुमचं किती गेलं?" मग कुणी पाच गुंठे सांगतो, कुणी अर्धा एकर, कुणाची विहीर जाते, कुणाचा गोठा. त्यावर मोबदल्याची चर्चा, दुप्पट की चौपट, रेडीरेकनर कोणत्या सालचा, हे सगळे होते. ते व्हायलाच हवे. जमीन ही शेतकऱ्याची आई आहे आणि तिचे मोल पदरात पडलेच पाहिजे.

पण एक हिशेब सहसा कुणी मांडत नाही. रस्त्याने घेतलेली जमीन मोजणीदाराच्या कागदावर येते. रस्त्याने तोडलेली जमीन कुठेच येत नाही. रस्त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे रान सात-बारावर तुमच्याच नावावर राहते, पण ते पहिल्यासारखे राहत नाही. मधून जाणारे पाणी अडते, वाट मोडते, पाइपलाइन तुटते, माळावरचे पशुपक्षी निघून जातात. या तोडीचा हिशेब भराव पडण्याआधी मांडला तर त्यावर इलाज निघतो. भराव पडल्यावर फार थोडे हातात राहते. आज त्याबद्दलच बोलू.

आपला भाग कसा जोडलेला होता

जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये वसवलेले गाव. वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव त्यांनी या पेठेला दिले. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्येच सुरू झाली होती. त्या रेल्वेच्या आधाराने व्यापारी पेठ उभी राहावी हा महाराजांचा विचार होता. म्हणून गल्ल्या सरळ आखल्या, चौक काटकोनात आले, गल्ल्यांना क्रमांक पडले. आजही पाहुण्याला पत्ता सांगताना आपण गल्लीचा नंबरच सांगतो. त्या काळी गाव आखलेल्या चौकटीत होते आणि चौकटीबाहेर रान होते.

या रानाची घडण बघा. निमशिरगाव, तमदलगे, कोंडिग्रे या बाजूला मुरमाड माळ आणि डोंगराची सोंड. तिथून उतार सुरू होतो आणि खाली काळ्या मळ्यांत येतो. पुढे कृष्णा, वारणा, पंचगंगा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, म्हणजे आपला शिरोळ तालुका हा नद्यांच्या कुशीतला तालुका. माळावर पडलेला पाऊस ओघळीने ओढ्यात, ओढ्याने नदीत. जनावरे गायरानात, शेतकरी पाणंदीने रानात. माळ, ओढा, बांध, पाणंद, मळी ही एकाच माळेतली मणी होती.

आता माळेचा दोरा ठिकठिकाणी तुटला आहे. कोल्हापूर-सांगली रस्ता मोठा झाला, तमदलग्यापासून उदगावाकडे जयसिंगपूरला वळसा घालणारा बायपास आला, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६६ च्या कामात चोकाक ते अंकली या टप्प्यासाठी चौपट मोबदल्याच्या मागणीवर आंदोलने झाली. शहरही चौकटीबाहेर पडून चिपरी, संभाजीपूर, उदगाव, धरणगुत्तीच्या अंगाने पसरले. बायपास निघाला की त्याच्या कडेला आधी चहाची टपरी येते, मग ढाबा, मग पेट्रोल पंप, मग बिगरशेती प्लॉटची पाटी. रस्ता एक पट्टी घेतो, पण त्याच्या मागून येणारी वस्ती दोन्ही अंगांनी रुंद होत जाते. रस्त्याच्या नकाशात ही रुंदी दिसत नाही.

साधी आकडेमोड करून बघा

समजा, एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद असा अखंड माळ आहे. क्षेत्र झाले १०० हेक्टर. काठाला माणसांची, वाहनांची वर्दळ असते, म्हणून काठापासून १०० मीटर आतपर्यंत ससा, तितर, घोरपड बिचकतात असे धरू. मग निवांत राहण्याजोगा आतला भाग उरतो ८०० मीटर बाय ८०० मीटर, म्हणजे ६४ हेक्टर.

आता त्या माळाच्या मधोमध ५० मीटर रुंदीचा रस्ता काढा. रस्त्याने जमीन घेतली फक्त ५ हेक्टर. पण माळाचे दोन तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याला नवीन काठ मिळाला. दोन्ही तुकड्यांतला निवांत भाग मिळून उरला ४४ हेक्टर. म्हणजे कागदावर ५ हेक्टर गेले आणि प्रत्यक्षात २० हेक्टर कामातून गेले. आडवा आणखी एक तसाच रस्ता काढला, चार तुकडे केले, तर निवांत भाग उरतो जेमतेम ३० हेक्टर. दोन रस्त्यांनी मिळून दहा हेक्टरही घेतले नाहीत, पण निम्म्याहून जास्त माळ मोडला.

भाकरीचे चार तुकडे केले तरी भाकरी तेवढीच राहते. रानाचे तसे होत नाही. तुकडा जेवढा लहान, तेवढा काठ जास्त आणि गाभा कमी.

"माळावरचा ससा गेला तर माझ्या उसाचं काय बिघडलं?" असे कुणी विचारील. बिघडते ते असे. उसातल्या आणि भुईमुगातल्या उंदरांवर घुबड, धामण, मुंगूस यांचाच वचक असतो. त्यांना राहायला पडीक माळ, जुने झाड, रुंद बांध लागतो. काकडी, दोडका, कारली, सूर्यफूल यांची फळधारणा मधमाश्यांवर असते आणि मधमाशीला बारमाही फुलोरा लागतो. बांधावरची बाभूळ, करंज, कडुनिंब तोडून आणि ओढ्याकाठची झुडपे भरावाखाली गाडून आपण हा फुकटचा चाकरवर्ग घालवतो. मग त्याच कामासाठी दुकानातून पुडी आणतो.

पाण्याची वाट मोडली की क्षार वर येतो

आपल्या तालुक्याला सर्वांत जास्त झोंबणारी गोष्ट आता सांगतो. शिरोळ तालुक्यातली क्षारपड आणि चोपण जमीन महाराष्ट्रभर माहीत आहे. उसाला पाटाने भरमसाट पाणी, रासायनिक खतांचा मारा आणि निचरा नाही, ही त्याची मूळ कारणे. त्यावर इलाजही याच तालुक्याने दाखवला. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने सच्छिद्र पाइप निचऱ्याची मोहीम घेतली आणि पांढऱ्या फटक झालेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिला.

ही निचरा पद्धत कशी चालते? जमिनीत चार फुटांच्या आसपास खोलीवर भोके असलेले पाइप पुरतात. जादा पाणी आणि त्यात विरघळलेला क्षार त्या पाइपांत उतरतो, तिथून मुख्य पाइपात आणि शेवटी ओढ्यात. सगळा खेळ शेवटच्या तोंडावर आहे. ओढ्याचा तळ पाइपाच्या तोंडापेक्षा खाली पाहिजे. पाइप चार फुटांवर सुरू झाला आणि उतार धरत गेला, तर तोंडाशी तो पाच-साडेपाच फूट खोल जातो. ओढा त्याहून खोल हवा.

आता त्या ओढ्यावर रस्ता आला. खाली मोरी घातली, पण मोरीचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा दोन फूट उंच बांधला. रस्त्याच्या दृष्टीने मोरी झाली, कागदावर टिकमार्क पडला. पण वरच्या अंगाला ओढ्यात दोन फूट पाणी कायमचे तुंबले. त्यात गाळ बसला, पाणकणीस माजले, गाळ आणखी चढला. तीन-चार वर्षांत निचऱ्याच्या पाइपाचे तोंड गाळात गेले. वरच्या रानातला शेतकरी म्हणतो, "साहेब, पाइप घातले, पैसे घातले, तरी रान पुन्हा पांढरं व्हायला लागलं." पाइपात दोष नसतो. दोष अर्ध्या किलोमीटरवरच्या मोरीत असतो आणि तिकडे कुणाचे लक्ष जात नाही.

प्लॉटिंगमध्ये याहून वाईट होते. ओढा नकाशात असतो, पण उन्हाळ्यात कोरडा दिसतो. त्यावर मुरूम टाकून सपाट करतात आणि एक-दीड फुटाचा सिमेंट पाइप दाबून मोकळे होतात. पावसाळ्यात जे पाणी दहा फूट रुंद ओढ्यातून जात होते, ते दीड फुटाच्या पाइपात कसे मावणार? ते मग शेजारच्या रानात किंवा त्याच प्लॉटवाल्याच्या नव्या घरात शिरते.

महापूर आणि भराव

२००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण अंगावर घेतले आहेत. या पुरांना धो-धो पाऊस, धरणांतले विसर्ग, नद्यांचे सपाट पात्र, पूररेषेतली बांधकामे अशी बरीच कारणे आहेत. एकट्या रस्त्यावर खापर फोडणे बरोबर होणार नाही. पण भरावाचा वाटा नाकारताही येत नाही. पूर आला की नदी पात्र सोडून मळीत पसरते आणि मळीतूनही वाहत असते. तिच्या वाटेत आठ-दहा फूट उंचीचा भराव आडवा टाकला आणि पाण्याला पुलाखालची जागाच ठेवली, तर वरच्या अंगाला फुगवटा येणारच. आणि पूर ओसरतानाही तेच. ऊस चार दिवस पाण्यात राहिला तर तगतो, पण शेंड्यात पाणी शिरून दहा-बारा दिवस बसले तर कुजतो. हा फरक भरावाने पडू शकतो.

२०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला, हे सगळ्यांनी पाहिले. तेव्हापासून कोल्हापूर भागात एक मागणी पुढे आली, की पूरपट्ट्यात रस्ता भरावावर नको, खांबांवर न्या. ही मागणी तांत्रिकदृष्ट्या रास्त आहे. खर्च जास्त येतो, हेही खरे. पण भरावाचा स्वस्तपणा कुणाच्या रानातून वसूल होतो, तेही त्या खर्चात धरले पाहिजे.

पवनार ते पत्रादेवी या ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाला आपल्या जिल्ह्यात एवढा विरोध झाला, त्यात जमीन जाण्याच्या दुःखाबरोबर पुराची ही धास्तीही मोठी होती. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मान्यता दिली आणि विरोध त्यानंतरही चालू राहिला. रस्ता हवा की नको, हे सांगणे माझ्या खात्याचे काम नाही. पण कोणताही रस्ता, कोणत्याही आखणीने येवो, त्याने पाण्याच्या वाटा मोकळ्या सोडल्या पाहिजेत एवढे मात्र ठासून सांगतो.

तोच रस्ता, वरचा आंबा घाट

आपल्या दारावरून जाणारा १६६ क्रमांकाचा रस्ता पश्चिमेला मलकापूरवरून आंबा घाट उतरून रत्नागिरीला जातो. तिथे तो सह्याद्रीच्या कण्यावर आडवा पडतो. उत्तरेला चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, दक्षिणेला गव्यांसाठी प्रसिद्ध राधानगरी अभयारण्य. या दोघांना जोडणारी जंगलाची चिंचोळी पट्टी म्हणजे वन्यप्राण्यांची पाणंदच म्हणा. २०१८ मध्ये सह्याद्रीत कॅमेऱ्यात आलेला वाघ हा कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात आधी नोंदलेला वाघ निघाला. एवढ्या लांबचा पल्ला तो या पट्टीने आला. पट्टी तुटली तर वाघ यायचा थांबतो आणि गवा वाट चुकतो.

वाट चुकलेला गवा काय करतो, हे डिसेंबर २०२१ मध्ये दिसले. करवीर तालुक्यात गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला आणि त्याच महिन्यात एक गवा थेट सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला. प्रत्येक गव्यामागे एकच रस्ता कारण असतो असे नाही. चारा, पाणी, उसाचा आडोसा हेही आहे. पण जंगलाचे तुकडे होत गेले, की जनावर आणि माणूस समोरासमोर येण्याचे प्रसंग वाढतात.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याच राज्यात झाला आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी रस्त्याखालून ९ ठिकाणी वाटा ठेवल्या. सर्वांत लांब वाट ७५० मीटरची. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये कॅमेरे लावून पाहिले, तर वाघासह १८ जातींचे वन्यप्राणी त्या वाटांनी ये-जा करत होते. जनावराला वाट ठेवली तर ते वाट धरते. पाण्याचेही तसेच आणि शेतकऱ्याचेही तसेच.

आता आपण काय करायचे?

१) गाव नकाशा काढा. तलाठी कार्यालयातून किंवा भूमी अभिलेख खात्यातून नकाशाची प्रत घ्या. त्यावर ओढे, ओघळी, पाणंदी निळ्या-लाल पेन्सिलीने रंगवा. मग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चार-पाच जण मिळून ओढा वरून खालपर्यंत चालत जा. पाणी कुठे तुंबते, कुठे पसरते, ते तारखेसह लिहा. फोटो घ्या. कोरड्या दिवसांत आलेल्या अधिकाऱ्याला पाणी दिसत नाही, ते तुम्ही दाखवायचे.

२) मुदत पाळा. राष्ट्रीय महामार्गाच्या भूसंपादनाची अधिसूचना निघाली, की हरकतीला २१ दिवस मिळतात. हरकतीत फक्त "आमचा विरोध आहे" एवढेच लिहून थांबू नका. कोणत्या गटात कोणता ओढा तुटतो, कोणती पाणंद तुटते, कोणत्या पाणीपुरवठा संस्थेची पाइपलाइन कुठे ओलांडते, ते गट नंबरसह लिहा.

३) मोजणीवेळी रानात हजर राहा. विहीर, बोअर, झाडे यांबरोबर पाइपलाइन आणि निचऱ्याचे पाइपही नोंदवून घ्या. जमिनीखालचे कुणाला दिसत नाही. पुढे लिफ्टची लाइन तुटली आणि दोनशे एकर वाळत बसले, तर नोंद असलेल्याचाच आवाज ऐकला जातो. भरावाखालून पाइपसाठी मोकळी नळी आधीच मागा.

४) तोडीचे नुकसान मागा. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या मोबदल्याच्या कलमात, संपादित जमीन उरलेल्या जमिनीपासून तुटल्यामुळे होणारे नुकसान विचारात घ्यायची तरतूद आहे. पुष्कळ जण ते मागतच नाहीत. रान दोन बाजूंना विभागले, ट्रॅक्टरला दोन किलोमीटर वळसा पडला, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला पीक राहिले, हे सगळे लेखी मांडा.

५) मोरीचा तळ विचारा. मोरी किती रुंद एवढेच विचारून भागत नाही. तळ ओढ्याच्या तळाशी किंवा त्याखाली आहे का, हे कामाच्या नकाशात बघा. चोपण पट्ट्यात तर हा पहिला प्रश्न असला पाहिजे. जमल्यास मोरीच्या कडेला सुका कट्टा ठेवायला सांगा, म्हणजे साळिंदर, कोल्हा, मुंगूस रस्त्यावर न येता खालून जातील.

६) शेजाऱ्याने ओढा बुजवला तर बसून राहू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह किंवा शेताची वहिवाटीची वाट अडवली असेल, तर अडथळा दूर करण्याचा अधिकार त्यांना आहे. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. "बघू दिवाळीनंतर" म्हणता म्हणता मुदत निघून जाते.

७) ग्रामसभेत नोंद करा. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. गायरान, जुनी झाडे, ओढ्याकाठची झाडी, पाणवठे त्यात लिहून घ्या. गायरानांवरची अतिक्रमणे काढण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट निकाल दिला आहे, तोही ग्रामसभेत वाचून दाखवा.

८) आपल्या हातातले आधी करा. बांध दरवर्षी वीतभर कोरायचा थांबवा. ओढ्याच्या दोन्ही काठांना पाच-दहा फूट पट्टी सोडून करंज, बांबू, वाळा लावा. काठ ढासळत नाही, मधमाशी राहते आणि तुटलेले दोन तुकडे पुन्हा थोडे तरी जोडले जातात. निचऱ्याच्या पाइपाचे तोंड वर्षातून दोनदा साफ करा.

रस्ता होणारच असेल तर तो आपल्या मुलांच्या शाळेला, दवाखान्याला, उसाच्या गाडीलाही उपयोगी पडणार आहे. म्हणून आखणी चालू असतानाच, गट नंबर आणि नकाशा हातात घेऊन, पाणी कुठून जाणार ते विचारा. ज्यांच्या गावातून रस्त्याची आखणी जाते आहे, त्यांनी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत "ओढे, पाणंदी व मोऱ्या" हा एक विषय घालावा आणि त्या दिवशी गाव नकाशा टेबलावर उघडून ठेवावा.